गोवा-दुबई १,२०० किलोमीटर नव्हे

‘गोवा ते दुबई हवाई अंतर फक्त १,२०० किलोमीटर, तरी तिकिटाला एवढे पैसे!’ असा मेसेज पणजीपासून पेडण्यापर्यंत ग्रुपांवर फिरतोय. आकडा बरोबर आहे, एकक चुकलंय. ते सागरी मैल आहेत. विमानवाले अंतर त्यातच मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. गोवा आणि दुबईच्या विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन हिशेब केला, तर गोव्यातल्या दाबोळी विमानतळाहून साधारण २,२१० किलोमीटर येतात, मोपच्या दुसऱ्या विमानतळाहून किंचित कमी. अहो, दिल्लीच दाबोळीहून सरळ रेषेत दीड हजार किलोमीटर पडते. अरबी समुद्रापलीकडची दुबई त्याहून जवळ कशी असेल? तिकीट महाग वाटतं, मलाही वाटतं; पण तो वेगळा विषय. कृपया तो मेसेज पुढे ढकलू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.