काही नेम नाही

डॉक्टर ‘घाम येईल असं काहीतरी करा’ म्हणाले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा चालणं असावं. मी बॉक्सिंगच्या क्लासला नाव घातलं. सहा महिने बॅग बडवली. बॅग कितीही हलली तरी मुकाट्याने जागेवर परत येते आणि उलट मारत नाही. त्यामुळे आपल्याला मारता येतं असा माझा समज झाला होता. तो स्पारिंगच्या, म्हणजे खऱ्या माणसासमोरच्या सरावाच्या, पहिल्याच शनिवारी उतरला.

समोर आमच्याच सोसायटीतला अकरावीचा मुलगा. लिफ्टमध्ये माझ्याकडून चॉकलेटं घेत मोठा झालेला. “काका, हळूच हं,” म्हणाला. मला वाटलं विनंती करतोय. तो धीर देत होता.

स्पारिंगचे ग्लोव्हज सोळा औंसांचे. म्हणजे एकेका हाताला साडेचारशे ग्रॅम. अर्ध्या किलोचा श्रीखंडाचा डबा हनुवटीपाशी तीन मिनिटं धरून बघा, मग बोलू. पहिला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारला. तिथून त्याचं डोकं नुकतंच निघून गेलं होतं. दुसरा त्याच्या ग्लोव्हवर, तिसरा खांद्यावर, चौथा रिंगच्या दोरीवर. आणि प्रत्येक चुकीची पोच म्हणून माझ्या नाकावर टप्प. दातांत माउथगार्ड असल्याने पाठोपाठ ऐकू यायचं, “थॉरी काका.”

खरं तर मी डोंबिवलीचा. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये माझं कोपर न बघता समोरच्याची नेमकी तिसरी बरगडी शोधतं. इथे डोळे फाडून बघतोय, समोर सबंध माणूस उभा आहे, आणि लागत नाही!

सरांनी निदान केलं. “साहेब, मारायच्या आधी तुम्ही तार करता.” म्हणजे जॅबच्या अगोदर माझा हात गोफण फिरवल्यासारखा मागे जातो, खांदा वर येतो, आणि चेहऱ्यावर ‘आता मारतो हं’ असं लिहून येतं. “तारखातं 2013 साली बंद झालं. तुमचं अजून चालूच!” शिवाय मी त्याच्या ग्लोव्हकडे बघतो. ग्लोव्ह फसवतो. नजर गळ्याच्या खळगीवर ठेवायची, म्हणजे खांदा आधी हलतो तो दिसतो आणि डोकं कुठे जाणार ते कळतं. हात हनुवटीपासून सरळ सोडायचा, श्वासही सोडायचा, जोर पाव लावायचा. जोर लावला की खांदा आखडतो आणि ठोसा भलतीकडे जातो.

हे सगळं त्या तीन मिनिटांत आठवायचं. मला तेव्हा फक्त श्वास घ्यायचा असतो हे आठवतं.

घरी सराव म्हणून टेनिसचा चेंडू दोरीने कपडे वाळत घालायच्या काठीला टांगला. सरांचा हुकूम होता, जॅब मारून हात परत हनुवटीशी. माझा हात बाहेरच रेंगाळला, चेंडू आला तो थेट डोळ्यावर. बायकोने चेंडूवर स्वतःची लाल टिकली चिकटवली. “अहो, आता तरी दिसेल!” तिसऱ्या दिवशी ती टिकली माझ्याच कपाळावर सापडली. आई पलंगावरून बघत होती. म्हणाली, “याचा पहिल्यापासून काही नेम नाही.”

1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून काही वर्षं अशी पद्धत होती की पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण मिळायचा. माझा ठोसा तीन माणसांना एकदम दिसेल यावर आमच्या घरात कुणाचाही विश्वास नाही.

गेल्या शनिवारी सरांनी सोपं केलं. “हा राउंड फक्त जॅब. फक्त कपाळ. बाकी काही सुचलं तरी मारायचं नाही.” सुचण्याचा प्रश्नच नव्हता. दोन मिनिटं हवा मारली. मग त्याच्या गळ्याच्या खळगीकडे बघत असताना त्याचा डावा खांदा किंचित हलला, आणि माझा हात मला न विचारताच गेला. टक्क. हेडगार्डच्या बरोब्बर मधोमध. त्याची मान जराशी मागे गेली.

लिफ्टमधलं ते पोरगं. माझ्या पोटात एकदम कालवलं.

“थॉरी रे बाळा, लागलं का...” असं विचारायला मी दोन्ही हात खाली घेतले.

टप्प.

“थॉरी काका.”