मोझांबिकच्या चिन्हावरची बंदूक

'जगात एकाच देशाच्या राष्ट्रचिन्हावर एके-४७ आहे. ती तिथल्या यादवीची खूण, आणि अख्खा देश ती अभिमानाने मिरवतो.' मोझांबिकबद्दलची ही पोस्ट सगळीकडे फिरते आहे. तिन्ही दावे खोटे आहेत.

'एकाच देशाच्या' हे तर लगेच निकालात निघतं. झिंबाब्वे आणि पूर्व तिमोरच्या चिन्हांवरही हीच रायफल आहे. आधुनिक रायफल असलेला राष्ट्रध्वज मात्र मोझांबिकचाच. बहुधा तिथेच गल्लत झाली असावी.

यादवीचा दावा मला जास्त खटकतो, कारण त्यात अख्खा स्वातंत्र्यलढा पुसला जातो. रेनामो या बंडखोर संघटनेशी यादवी पेटली १९७७ मध्ये आणि मिटली १९९२ मध्ये. बंदुकीची गोष्ट त्याआधीची. २५ सप्टेंबर १९६४ ला फ्रेलिमोने, म्हणजे पुढे सत्तेत आलेल्या मुक्ती संघटनेने, पोर्तुगीजांविरुद्ध शस्त्र उचललं, २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला. सत्ता तीच, जी १९६१ पर्यंत गोव्यात ठाण मांडून होती. गोव्यातल्याच बार्देशात जन्मलेले आक्विनो द ब्रागांसा हे फ्रेलिमोचे मोठे विचारवंत. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासोबत त्याच विमान अपघातात तेही गेले.

आणि चिन्हावर बंदूक एकटी नाही. उघड्या पुस्तकावर बंदूक आणि कुदळ एकमेकींना छेद देतात. मागे देशाचा नकाशा, खाली समुद्र, उगवता सूर्य, भोवती दातेरी चाक, दोन्ही बाजूंना मका आणि ऊस. अर्थ राज्यघटनेतच दिला आहे: पुस्तक म्हणजे शिक्षण, कुदळ म्हणजे शेतकरी आणि शेती, शस्त्र म्हणजे संरक्षण आणि दक्षता. वरचा तारा आंतरराष्ट्रीय एकजुटीचा. त्यावर मार्क्सवादाची छाप आहे हे मान्य, फ्रेलिमोचा तो वारसाच. पण फक्त बंदूक कापून फोटो फिरवायचा, ही वाचकाची शुद्ध फसवणूक आहे.

राहिला अभिमान. ज्या देशात चर्चच्या पुढाकाराने १९९५ पासून लोकांनी बंदुका जमा करून बदल्यात कुदळी, सायकली, शिलाई मशीन घेतली, तिथे सगळ्यांना हे चिन्ह प्रिय असेल असं गृहीत कसं धरता? विरोधकांनी बंदूक काढायची मागणी लावून धरली. २००५ मध्ये नव्या ध्वजासाठी आणि चिन्हासाठी स्पर्धाही झाली, दीडशेहून अधिक संकल्पना आल्या. पण संसदेत बहुमत फ्रेलिमोचं होतं आणि बदल फेटाळला गेला.