साडेनऊ पेट्या

मे महिन्यात डोंबिवलीहून भाची येते ती फणस आणि समुद्रासाठी, असा माझा इतकी वर्षं समज होता. यंदा ती दहावीत जाणार, म्हणून तिच्यासोबत गणित भाग 1 सुद्धा गुहागरला उतरलं. पहिलाच धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणे. बहिणीने फोनवर बजावलं, "दादा, तेवढी शाब्दिक उदाहरणं घे तिच्याकडून करून."

शाब्दिक उदाहरणांतल्या माणसांचा मला शाळेपासून संशय आहे. बाप-लेकाच्या वयांची बेरीज त्यांना पाठ असते, पण नुसतं वय विचारलं तर सांगणार नाहीत. त्यात ती नाव! प्रवाहाविरुद्ध इतके किलोमीटर, प्रवाहाच्या दिशेने तितके. आम्ही धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडणारी माणसं. खाडीचं पाणी सहा-सव्वासहा तासांनी तोंड फिरवतं आणि उद्याची भरती आजच्यापेक्षा पाऊण-एक तास उशिरा येते. पुस्तकातल्या नावाड्याला याचा पत्ताच नाही.

"मामा, संथ पाण्यातला वेग म्हणजे?"

"संथ पाणी विहिरीत असतं. आणि विहिरीत नाव कोण घालतो?"

तिने वहीत काहीच लिहिलं नाही. मामीकडे बघितलं फक्त.

मग मी ठरवलं, गणित बाजारात शिकवायचं. मासे आमच्याकडे वाट्यावर मिळतात, वजन-बिजन कोणी विचारत नाही. दोन वाटे बांगडे आणि एक वाटा कोळंबी मी 400 रुपयांना घेतली. पुढच्या गिऱ्हाइकाने एक वाटा बांगडे, दोन वाटे कोळंबी 500 ला उचलली. दोन चलं, दोन समीकरणं! भाचीने रिक्षातच सोडवलं. बेरीज करून तीनने भागलं, मग वजाबाकी केली. बांगडे 100, कोळंबी 200. माझी छाती फुगली. घरी आलो तर शेजारच्या वहिनी पिशवी घेऊन उभ्या. त्याच मासेवालीकडून, दोन्हींचा एकेक वाटा, 250 रुपये.

आलेखावर तीन रेषा काढल्या. एका बिंदूत भेटायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी मासेवालीला जाब विचारला, तर ती बर्फ सारखं करत म्हणाली, "ती भांडली, तुमी नाय भांडलाव." एक्सची किंमत गिऱ्हाईक बघून ठरते, हे पुस्तकात कुठेही दिलेलं नाही.

खरी परीक्षा पुढे होती. आठवडाभरापूर्वी आमच्या आंब्याच्या 27 पेट्या वाशीच्या बाजारात गेल्या होत्या. चार डझनी किती आणि पाच डझनी किती, हे गड्याने खडूने पडवीतल्या खांबावर लिहून ठेवलं होतं. त्या खांबाला मी पाठ घासतो. पेटीचं माप एकच, म्हणजे चार डझनीत आंबा मोठा आणि भाव चढा, पाच डझनीत बारका. त्यामुळे हिशेब लागायलाच हवा. दलालाची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, आली, तिच्यावर पाणी सांडलेलं. फोन केला, तर "पेट्या 27, माल 117 डझन आणि वर सहा नग, बाकीचं संध्याकाळी सांगतो."

भाचीचे डोळे चमकले. "मामा, हे तर उदाहरणच आहे!"

मी सुचवलं, भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना काळा, निळा, पिवळा अशी नावं आहेत, आपण आंब्याला पीतक म्हणू. "बोर्डात एक्स-वायच चालतं," ती म्हणाली. एक्स अधिक वाय बरोबर 27. चार एक्स अधिक पाच वाय बरोबर साडे एकशेसतरा. तिने निश्चयक मांडले, क्रेमरची पद्धत. हा क्रेमर जिनिव्हाचा, 1750 साली त्याने ही रीत छापली. पाच वजा चार, निश्चयक एक. एक्स साडेसतरा, वाय साडेनऊ.

"साडेनऊ पेट्या?" मी म्हटलं. "चुकलीस कुठेतरी."

तिने पुन्हा केलं. तेच. मी केलं, माझे वाय उणे आले. आई बाजूलाच हाताला खोबरेल लावून फणसाचे गरे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळ्या पेट्या चारच्या धर. सत्तावीस चोक एकशे आठ. वर उरले साडेनऊ डझन. पाचच्या पेटीत एकेक जास्तीचा, म्हणजे पाचच्या साडेनऊ. पोरगी बरोबर आहे." गरा आठळीपासून सोडवला आणि तो भाचीच्या तोंडात गेला.

"अर्धी पेटी असते का पण?"

"अर्धी नसेल," भाची पेन चावत म्हणाली. "चारच्या सतरा, पाचच्या दहा, आणि त्यातल्या एकीत सहा आंबे कमी. अडुसष्ट आणि पन्नास, एकशे अठरा, वजा अर्धा डझन. जुळलं!"

गड्याला हाक मारली. तो शपथेवर म्हणाला, पेट्या त्याने भरल्या, पण खिळे रात्री मालकांनी ठोकले.

आता सांगायलाच हवं. आमच्याकडे चांगला आंबा मुंबईला जातो आणि डागी घरात येतो, हा नियम माझ्या आजोबांपासूनचा. त्यात मला साखर निघाल्यापासून मामी दिवसाला एक फोड मोजून देते.

"मामा, ताळा राहिला," भाची म्हणाली. "ताळा केल्याशिवाय पूर्ण मार्क नाहीत."

मी म्हटलं, राहू दे, ऊन फार आहे. तेवढ्यात दुपारचा वारा सुटला, आणि माळ्यावर भातगवतात आठवडाभर गप्प बसलेल्या सहा हापूसांचा वास जिना उतरून पडवीत आला. मामीने नाक वर केलं.

"शिडी कुठे आहे?" तिने विचारलं.