‘फॉर्म आईवडिलांनीच भरावा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: मुलांच्या चिंतेचा फॉर्म आईवडिलांनीच भरावा, मुलं शाळा चुकवायला वाढवून सांगतात. विचारायचंच तर समोर बसवून विचारावं. मुलाची आणि पालकाची उत्तरं जुळली नाहीत तर एक जण खोटं बोलतोय. वाद नको असेल तर दोन्ही गुणांची सरासरी काढावी, ती २५ च्या खाली आली की काळजी मिटली.

२५ हा आकडा ‘स्केअर्ड’ या मुलांच्या चिंतेच्या प्रश्नावलीतला; एकूण गुण तिथपासून पुढे गेले की लक्ष द्यायचं. तिच्यात ४१ विधानं आहेत, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८२. उत्तरं मागच्या तीन महिन्यांबद्दल द्यायची. ८ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ती आहे, आणि मुलाची प्रत वेगळी, पालकाची वेगळी. पालकाच्या सांगण्यावर भागत असतं तर दुसरी प्रत काढलीच नसती.

मुलं वाढवून सांगतात? काही सांगतात. पण दवाखान्यात आणलेल्या मुलांत बऱ्याचदा उलटं दिसतं: पालक भरभरून सांगतात आणि मूल ‘काही नाही, मी ठीक आहे’ म्हणतं. समोरच्याला आपण चांगलं वाटावं, ही इच्छा चिंताग्रस्त मुलात कमी नसते.

म्हणूनच समोर बसवून विचारण्याचा सल्ला सगळ्यात घातक. आईच्या मोबाइलवर लिंक उघडून आईच्या शेजारी बसून दिलेली उत्तरं ही आईसाठी दिलेली उत्तरं असतात. ८ ते ११ वयाच्या मुलाला विधानं समजावून सांगणारं मोठं माणूस जवळ हवं, पण ते पालकच असण्याची गरज नाही. घरात तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी असेल, तर मुलाला आणि पालकाला प्रत्येक विधान एकाच अर्थानं समजलंय ना, हे आधी पाहावं. नाहीतर जो फरक दिसेल तो भाषेचा असेल.

आता खोटेपणाचा आरोप. १९८७ साली संशोधक आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले. मुलाचं स्वतःबद्दलचं सांगणं आणि इतरांचं त्याच्याबद्दलचं सांगणं यांतला सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणं, ० म्हणजे काहीच मेळ नसणं) सरासरी ०.२२ निघाला. आई आणि वडील अशा एकाच नात्यानं मुलाला पाहणाऱ्यांतही तो ०.६० पर्यंतच गेला. २०१५ मध्ये ३४१ अभ्यासांच्या आढाव्यात वेगवेगळ्या माहितगारांतला सरासरी सहसंबंध ०.२८ आला. म्हणजे न जुळणं हेच नेहमीचं. एवढी सगळी घरं खोटं बोलत नसतात.

कारण साधं आहे. शाळेला न जाणं, आईला चिकटून राहणं डोळ्यांना दिसतं, तिथे उत्तरं बरी जुळतात. वर्गात उभं राहून वाचताना होणारी धडधड, रात्री डोक्यात फिरणारे विचार घरात कुणाला दिसत नाहीत. घरी बसून बिड्या वळणारी आई मुलाला दिवसभर पाहते, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा बाप दिवसा झोपलेला असतो. त्यानं दिलेल्या शून्याचा अर्थ बऱ्याचदा ‘मला माहीत नाही’ एवढाच असतो. आईला स्वतःला चिंतेचा त्रास असेल तर तिचे गुण थोडे चढू शकतात, तेवढ्यानं तिचं सांगणं बाद होत नाही.

सरासरीचं गणित तर करूनच पाहा. मुलाचे ३४, आईचे १४. सरासरी २४. मेसेजप्रमाणे काळजी मिटली! मुलाचे ३४ गुण मात्र कुणी पाहिलेच नाहीत. शिवाय ‘स्केअर्ड’मध्ये एकूण बेरजेखाली पाच वेगळे गट असतात आणि प्रत्येकाची रेषा वेगळी: सामाजिक भीतीत ७ विधानं, ८ गुणांपासून पुढे लक्ष द्यायचं, आईबापांपासून दूर होण्याच्या भीतीत ८ विधानं, रेषा ५, शाळा टाळण्याची फक्त ४ विधानं, रेषा ३. मुलाचे सामाजिक भीतीत १० आणि आईचे ३, तर दूर होण्याच्या भीतीत मुलाचा १ आणि आईचे ९, असं सर्रास घडतं. सरासरीत दोन्ही गोष्टी धूसर होतात.

दोन्ही कागद वेगळे मोजा, गटवार. मग एकानं ० आणि दुसऱ्यानं २ दिलेल्या विधानांवर खूण करा. तेवढ्याच विधानांवर दोघांना वेगवेगळं विचारा: शेवटचं कधी झालं, कुठे, सोबत कोण होतं, मग मुलानं काय केलं? फरक घर आणि शाळेतला असेल तर वर्गशिक्षकांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोघांपैकी एकाचे गुण रेषेच्या वर असले तरी पुढची तपासणी करावी. त्यात काही मुलं विनाकारण तपासली जातील, चाळणी म्हणून ते चालतं. निदान मात्र फॉर्मवर होत नाही. त्यासाठी मुलाशी आणि पालकांशी स्वतंत्र मुलाखत लागते, आणि झोप, अभ्यास, मित्र यांवर किती परिणाम झालाय हे पाहावं लागतं.

मुलानं एकट्यात सांगितलेलं त्याला विचारूनच घरच्यांसमोर मांडावं. अपवाद एकच: जिवाला धोका असेल तर लगेच सांगायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. सिव्हिलच्या मनोविकार विभागात किंवा खासगी डॉक्टरांकडे जाताना दोन्ही भरलेले कागद जसेच्या तसे न्यावेत, बेरीज करून एकच आकडा नेऊ नये.