‘कॅश संपली की चोरी संपली’: एका कंडक्टरच्या पोराचं उत्तर

आमचे आण्णा ३१ वर्षं एस.टी.त कंडक्टर होते, तासगाव डेपोला. रविवारी सकाळी चहा बाजूला सारून त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "वाच. एकदम बरोबर लिवलंय. उद्या डब्यातलं सगळं बँकेत टाकून येतो." डबा म्हणजे कपाटातला स्टीलचा, अडीनडीला दवाखान्यासाठी ठेवलेले वीसेक हजार त्यात.

तुमच्याही ग्रुपवर तो मेसेज येऊन गेला असेल. त्याचं म्हणणं असं: रोख व्यवहार संपले की चोऱ्या-दरोडे संपतात, हे अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये सिद्ध झालंय. खात्यातला पैसा चोरीला जाऊच शकत नाही, गेलाच तर बँक भरून देते, म्हणून घरात दहा रुपयेही ठेवू नका. काळा पैसा, ड्रग्ज, सावकारी आपोआप बंद. आणि सगळ्याची नोंद राहते, त्यामुळं फसवणारा मिनिटात सापडतो. खाली हात जोडलेले सहा इमोजी.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, नाइलाजानं कबूल करतो. आण्णांची बॅग एकदा स्वारगेटच्या गर्दीत ब्लेडनं कापली होती. भरणा पुरा करायला पगारातनं पैसे गेले. आता कित्येक तिकिटं स्कॅन करून निघतात, तिथं ब्लेडवाला काय कापणार?

अमेरिकेतला अभ्यासही खरा आहे. मिझुरी राज्यात १९९० च्या दशकात गरिबांची सरकारी मदत, वटवून रोख हातात येणाऱ्या चेकऐवजी, कार्डावर द्यायला सुरुवात झाली. प्रत्येक काउंटीत कार्ड वेगवेगळ्या वेळी आलं, म्हणून आधीची-नंतरची तुलना करता आली. रिचर्ड राइट आणि सहकाऱ्यांनी ती केली: एकूण गुन्हे ९.८ टक्क्यांनी उतरले, त्यात घरफोडी, चोरी, मारहाण आली. ९.८. शंभरातले दहा धरा. उरलेले नव्वद मेसेजवाल्यानं कुठं पुरले?

बरं, पुढं चोर त्या कार्डांवरच जाऊन बसले. दुकानातल्या मशीनला चोरटं यंत्र लावायचं, कार्डाची माहिती उचलायची, गरिबाच्या धान्याचे पैसे उडवायचे. हे इतकं वाढलं की २०२२ च्या डिसेंबरात अशी गेलेली मदत भरून द्यायची तरतूद अमेरिकेच्या संसदेला कायद्यात करावी लागली. स्वीडनमध्ये बँकदरोडे २००८ मधल्या ११० वरून २०११ मध्ये १६ वर आले, छान झालं. पण त्याच स्वीडननं २०२४ मध्ये घरोघरी पुस्तिका पाठवून, संकटासाठी घरात थोडी रोख ठेवा, असं सांगितलं. आपल्याला त्यासाठी पुस्तिका नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीत कुणाचा क्यूआर कोड चालत होता?

आणि चोराला नोटच लागते हे कुणी सांगितलं? जून २०२३ मध्ये सांगलीत मिरज रस्त्यावरच्या सराफी दुकानावर भरदिवसा दरोडा पडला. गेले ते मुख्यतः दागिने.

आता दुसरा मुद्दा. हा वाचून माझं डोकं फिरलं.

आण्णांच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर गेल्या लग्नसराईत एका जुन्या ड्रायव्हरच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. फोटो नव्हता, एपीके फाईल होती, म्हणजे दाबली की मोबाईलमध्ये ॲप बसवणारी. दुसऱ्या एका काकांनी मुहूर्त बघायला म्हणून ती दाबली, विचारलेल्या सगळ्याला हो म्हटलं आणि झोपले. रात्रीत ओटीपी येत राहिले, आणि मोबाईल ते स्वतःच पुढं पाठवत राहिला. चार दिवसांनी पासबुक भरताना कळलं, ६२ हजार गेले. पत्रिका ज्याच्या नंबरवरून आली त्याचाही मोबाईल असाच गेला होता. त्याच्या घरात लग्नाचं कुणीच नव्हतं. शाखेत उत्तर मिळालं, "परवानगी तुम्हीच दिली की."

‘बँक भरून देते’ हे अर्धवट कुठून आलं तेही सांगतो. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घातला. चूक ना तुमची ना बँकेची, तिसरीकडंच गळती झाली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर भुर्दंड नाही. चार ते सात दिवस लागले तर काही भार तुमच्यावर येतो. पण ओटीपी, पिन तुम्हीच दिलात, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे सगळा खेळ कळवण्याच्या घाईचा. मेसेजात १९३० हा सायबर फसवणूक कळवायचा हेल्पलाईन नंबर कुठंय? नाही. इमोजी सहा आहेत.

पैसे चोरीला जाऊच शकत नाहीत म्हणे! गृह मंत्रालयानंच लोकसभेत सांगितलेले आकडे: सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी गेले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. वर्षात तिप्पट. बॅग कापणाऱ्याला स्वारगेटला यावं तरी लागायचं.

तिसऱ्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. नोटाबंदीत रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या, आणि तेव्हा चलनात असलेले पावणेअठरा लाख कोटी २०२४ च्या मार्चपर्यंत ३५ लाख कोटींवर गेले. सांगली जिल्ह्यातल्या इरळीत एमडी ड्रग्जचा कारखाना पकडला तो २०२४ मध्येच. सावकारीचं म्हणाल तर लोन ॲपवाले विसरलात का?

राहिली नोंद. माझ्या चुलतभावाचा ट्रॅक्टर आहे, ऊस वाहतुकीचा. दहा कोयत्यांची, म्हणजे दहा ऊसतोड जोड्यांची, उचल (आगाऊ पैसे) म्हणून त्यानं टोळीच्या मुकादमाला आठ लाख दिले, सगळे आरटीजीएसनं. वर नोटरी केलेला स्टॅम्प, आधारची झेरॉक्स, मुकादमाचा फोटो. दसऱ्यानंतर फोन बंद. टोळी आलीच नाही, कारखान्याचा हंगाम गेला, ट्रॅक्टरचे हप्ते मात्र चालू. गुन्हा नोंदला तेव्हा कळलं, खातं त्याच दिवशी रिकामं झालं होतं. पैसा कुठं गेला ते पानावर छापलेलं आहे. माणूस दोन हंगाम झाले सापडत नाही. इथं निदान खातं मुकादमाच्याच नावाचं होतं. सायबरवाले तर भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून पैसे फिरवतात. नोंद सापडते, पण ज्याच्या नावावर सापडते त्या पोराला दोन-पाच हजार देऊन गप्प केलेलं असतं.

डबा जागेवर आहे. पेन्शनचं खातं यूपीआयवरून काढलं, दुसऱ्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवले. १९३० कॅलेंडरवर लिहिला. आण्णा म्हणाले, "मग मी ग्रुपवर टाकलेला तो मेसेज काढतो." काढला. दाबलं मात्र ‘माझ्यासाठी हटवा’. आता तो ग्रुपात सगळ्यांना दिसतोय, आण्णा सोडून.