लांब लिंक तुटते ती लांबीमुळे नव्हे

गणपतीची वर्गणी, कोजागरीची नावनोंदणी, दिवाळी अंकांची मागणी: बडोद्यातल्या मराठी मंडळांचा बराचसा कारभार आता गूगल फॉर्म आणि ईमेलवर चालतो. ‘लिंक उघडत नाही’ ही तक्रार त्यामुळे ठरलेलीच. तिच्यावरचा उतारा म्हणून एक संदेश ग्रुपांवरून फिरतो आहे. त्याचा मजकूर असा: ईमेलमध्ये ७६ अक्षरांपेक्षा लांब लिंक हमखास तुटते. म्हणून लिंक नेहमी छोटी करूनच पाठवा. छोटी होत नसेल तर प्रश्नचिन्हापुढचं सगळं काढून टाका. लिंकभोवती < > लावा, मग ती कधीच तुटणार नाही. साधा मजकूर सोडून एचटीएमएल, म्हणजे वेबपानासारखा सजवलेला, मेल पाठवा. आणि मराठी-गुजराती अक्षरांच्या लिंक तर मेलमध्ये चालतच नाहीत.

यातल्या बहुतेक मुद्द्यांत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो संदेश पटतो. पण तसंच्या तसं वागलं तर चांगल्या लिंकही बिघडतात.

‘७६ अक्षरांपेक्षा लांब लिंक तुटते’

आकडा हवेतला नाही, लावला मात्र भलतीकडे आहे. ईमेलच्या ओळीला दोन मर्यादा आहेत. इंटरनेटच्या नियमांच्या क्रमांकित दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात; २००८ च्या आरएफसी ५३२२ प्रमाणे ओळ ७८ अक्षरांच्या आत असावी आणि ९९८ च्या पुढे जाताच कामा नये. पहिली शिफारस, दुसरी सक्ती. ७८ ची शिफारस ८० रकान्यांच्या जुन्या पडद्यांना धरून आहे. ७६ येतो तो १९९६ च्या आरएफसी २०४५ मधल्या ‘कोटेड-प्रिंटेबल’ या मेलचा मजकूर सांकेतिक रूपात पाठवण्याच्या पद्धतीतून. तिथे ओळ ७६ अक्षरांच्या आत तोडतात खरी, पण तोडल्या जागी = हे चिन्ह ठेवतात. मेल उघडणारा प्रोग्रॅम ते चिन्ह आणि त्यापुढचा एंटर दोन्ही गाळून ओळ पुन्हा सांधतो. लिंक ३०० अक्षरांची असली तरी वाचणाऱ्यापर्यंत अखंड पोचते.

मग तुटते कुठे? साध्या मजकुराच्या मेलमध्ये पाठवणारा प्रोग्रॅम स्वतःहून खराखुरा एंटर घालतो तिथे. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये ही मर्यादा मुळात ७६ वर असते. ती फाइल, ऑप्शन्स, मेल आणि तिथे खाली ‘मेसेज फॉरमॅट’ या भागात सापडते. १३२ पर्यंत वाढवता येते. थंडरबर्ड या मेल-प्रोग्रॅममध्ये ती ७२ असते. बहुतेक प्रोग्रॅम ओळ तोडायला मोकळी जागा शोधतात. म्हणून लिंक स्वतंत्र ओळीवर ठेवा, वर-खाली एकेक ओळ रिकामी सोडा आणि त्या ओळीत ‘लिंक:’ हा शब्दसुद्धा नको. एवढ्यानेच बऱ्याच तक्रारी मिटतात.

खरा घात होतो तो उत्तरं आणि फॉरवर्डमध्ये. प्रत्येक उत्तरात जुन्या ओळींपुढे > लागतं, ओळ एक-दोन अक्षरांनी वाढते आणि काही प्रोग्रॅम ती नव्याने मोडतात. पहिल्या मेलमध्ये शाबूत असलेली लिंक तिसऱ्या फॉरवर्डमध्ये दुभंगलेली दिसते ती यामुळे. जुन्या मेलच्या शेपटीतली लिंक पुढे ढकलू नका, मूळ पानावरून पुन्हा कॉपी करा.

पडद्यावर दोन ओळींत दिसणारी लिंक तुटलेलीच असते असंही नाही. मेलची खिडकी रुंद-अरुंद करून बघा. तुटीची जागा सरकली तर तो फक्त दिसण्याचा भाग आहे. सरकली नाही तर मजकुरात खरा एंटर बसला आहे.

लांबीशी काडीचा संबंध नसलेला एक बिघाड इथेच सांगायला हवा, कारण तो फार फसवतो. कोटेड-प्रिंटेबलमध्ये = नंतरची दोन अक्षरं म्हणजे एखाद्या अक्षराचा संकेतांक असतो; =२० म्हणजे मोकळी जागा (अंक अर्थात इंग्रजी). मेल पाठवणाऱ्या एखाद्या घरगुती स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, मेलच्या शीर्षभागात ही पद्धत जाहीर केली, पण मजकूर तिच्यात बदललाच नाही, तर ‘वर्ष=२०२५’ मधलं =२० खर्ची पडतं आणि लिंकमध्ये ‘वर्ष’, मोकळी जागा, ‘२५’ एवढंच उरतं. लिंक तिथेच संपते, मग ती ४० अक्षरांची का असेना! उपाय असा की प्रत्येक = चं आधी =३डी करावं, किंवा मेल पाठवणाऱ्या तयार प्रोग्रॅम-संचावर (लायब्ररीवर) ते काम सोपवावं. जीमेलमध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूतलं ‘शो ओरिजिनल’ उघडलं की मेल कोणत्या पद्धतीने आला ते कळतं.

‘नेहमी छोटी करून पाठवा’

लिंक छोट्या करण्याची सोय याच अडचणीतून वाढली हे खरं. टायनीयूआरएल २००२ पासून आहे. पण छोटी लिंक म्हणजे मध्ये बसवलेला तिसरा माणूस. तो उठून गेला की पत्ता हरवला. गूगलचीही अशी एक सेवा होती: ‘गू डॉट जीएल’ (goo.gl). ३० मार्च २०१९ पासून तिथे नवीन लिंक बनवणं बंद झालं. मग २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुन्याही चालणार नाहीत अशी घोषणा आली, आणि शेवटी वापरात असलेल्या तेवढ्या चालू ठेवायचं ठरलं. वर्षा-दोन वर्षांत कुणी न उघडलेल्या लिंकचं काय होतं ते यावरून समजावं. स्मरणिकेच्या मेलमध्ये किंवा छापील अंकात परक्या सेवेची छोटी लिंक देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

शिवाय छोट्या लिंकवरून ती कुठे नेणार हे कळत नाही. फसवणारे लोकही त्याच सेवा वापरतात, त्यामुळे स्पॅम गाळणारे प्रोग्रॅम अशा मेलकडे संशयाने बघतात. आणि मेल मायक्रोसॉफ्टच्या ‘सेफ लिंक्स’ संरक्षणाखालच्या ऑफिसात जात असेल तर तपासणीसाठी लिंक बदलली जाते आणि छोटी लिंकही तिथे पुन्हा लांबलचक होते. त्या बदललेल्या लिंकमध्ये मेल मिळालेल्या व्यक्तीचा ईमेल पत्ताही असतो, तेव्हा ती तशीच पुढे पाठवू नये हे ओघानेच आलं.

अपवाद एक: ज्याचं पान त्यानेच दिलेली छोटी लिंक. गूगल फॉर्मची लांब लिंक साधारण शंभर अक्षरांची होते. लिंक कॉपी करतानाच तिथे छोटी करण्याचा पर्याय असतो. तिचा मालक गूगलच, फॉर्मही गूगलचाच. ती खुशाल वापरा.

‘प्रश्नचिन्हापुढचं काढून टाका’

इथे सरसकट कात्री चालवणं सगळ्यात महागात पडतं. ‘यूटीएम’ने सुरू होणारे तुकडे, फेसबुकचा ‘एफबीसीएलआयडी’, यूट्यूबच्या शेअर लिंकमधला ‘एसआय’, गूगल ड्राइव्हमधला ‘यूएसपी=शेअरिंग’ हे माग काढण्यासाठी किंवा नोंदीसाठी असतात; ते गेले तरी पान उघडतं. पण यूट्यूबच्या पूर्ण लिंकमध्ये ‘व्ही=’ पुढेच व्हिडिओची ओळख असते. ड्राइव्हच्या काही जुन्या फायलींना ‘रिसोर्सकी’ लागते. ती कापली की ‘परवानगी नाही’ असं उत्तर मिळतं. फॉर्ममध्ये आधीच भरून दिलेली उत्तरंही प्रश्नचिन्हापुढेच असतात, तीही सगळी उडतात. कापायचंच असेल तर एकेक तुकडा काढा आणि ज्या ब्राउझरमध्ये लॉगिन नाही अशा खाजगी खिडकीत लिंक उघडून बघा. स्वतःच्या लॉगिनमध्ये सगळंच उघडतं, त्यावर विसंबू नये.

‘< > लावा, कधीच तुटणार नाही’

लावायला हरकत नाही. २००५ च्या आरएफसी ३९८६ च्या परिशिष्टातच ही सूचना आहे: कंसातला पत्ता ओळींत मोडला गेला तर मधली मोकळी जागा सोडून द्यावी. पण हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमने पाळायचं असतं आणि सगळे पाळत नाहीत. वाक्यातला पूर्णविराम किंवा स्वल्पविराम लिंकला चिकटू नये यासाठी मात्र हे कंस उत्तम. स्क्रिप्टने एचटीएमएल मेल बनवताना ते कच्चे टाकू नका, कारण ब्राउझर त्याला टॅग, म्हणजे एचटीएमएलची खूण, समजतो आणि लिंक पडद्यावरून गायबच होते.

‘एचटीएमएल पाठवा, काळजी मिटली’

बरीचशी मिटते, सगळी नाही. मेल बनवणारे काही प्रोग्रॅम अख्खा मजकूर एकाच ओळीत ओततात. ती ९९८ च्या पुढे गेली की वाटेतला सर्व्हर ओळ तोडतो. सेंडमेल हा मेल-सर्व्हर तर तोडलेल्या जागी उद्गारचिन्ह ठेवतो. ते नेमकं लिंकच्या पोटात पडलं की संपलं. मेलमध्ये मध्येच विनाकारण ! दिसलं तर हेच कारण शोधा. मेल कोटेड-प्रिंटेबल किंवा बेस६४ या तशाच दुसऱ्या पद्धतीत पाठवला की हा प्रश्न राहत नाही. ‘इथे क्लिक करा’ च्या आड दडलेला पत्ता साध्या मजकुरात वाचणाऱ्याला दिसेलच असं नाही, म्हणून खाली पूर्ण पत्ताही द्यावा.

‘मराठी-गुजराती लिंक चालत नाहीत’

चालतात. फक्त कॉपी केल्यावर फुगतात. देवनागरीचं किंवा गुजरातीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. काना, मात्रा, हलन्त यांचीही वेगळी नऊ-नऊ. मराठी विकिपीडियाच्या लेखाच्या पत्त्याचा रोमन भाग ३० अक्षरांचा आहे. त्यापुढे ‘वडोदरा’ लिहिलं की ५४ वाढून ८४ होतात, ‘बडोदा’ लिहिलं तर ७५! त्या संदेशाच्या हिशेबाने जुनं नाव तरलं आणि सरकारी नाव बुडालं. प्रत्यक्षात दोन्ही नीट पोचतात.

अडचण येते ती आपल्या लिहिण्याच्या सवयीने. लिंकला लागूनच ‘वर’, ‘मध्ये’, ‘ला’ जोडलं की काही प्रोग्रॅम ती अक्षरंही पत्त्यात ओढतात, कारण पत्त्यात देवनागरी आता चालते. लिंकनंतर एंटर मारा. आणि असा पत्ता हाताने टाइप करू नका. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखेच, सर्व्हरला मात्र वेगळे पत्ते, आणि पान सापडत नाही.

तुटलेली लिंक हाती आलीच तर सगळे तुकडे एकत्र निवडून ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवा. क्रोम आणि फायरफॉक्स मधले एंटर बहुधा गाळतात. ओळीच्या सुरुवातीचे > मात्र हातानेच काढावे लागतात, आणि जोडाच्या जागी %२०, म्हणजे मोकळ्या जागेचा संकेत, दिसलं तर तेही. ओळ आडव्या रेघेवर, म्हणजे हायफनवर, संपली असेल तर ती रेघ मूळची की तोडताना आलेली हे बघून कळत नाही. आधी रेघेसकट उघडून बघा, मग रेघ काढून.