क्युबाची मांडवली आणि नोव्हेंबरची निवडणूक

शीतयुद्धाचा विषय निघाला की आपण लगेच जगाचा नकाशा उघडतो. बर्लिन, कोरिया, क्युबा, व्हिएतनाम, अफगाणिस्तान. इकडे भांडवलशाही, तिकडे साम्यवाद, मधे नेहरूंचा अलिप्त भारत. माझं म्हणणं असं की तो नकाशा घडी घालून ठेवा आणि अमेरिकेच्या निवडणुकांचं वेळापत्रक समोर घ्या. दर चार वर्षांनी अध्यक्षपद, दर दोन वर्षांनी काँग्रेस (म्हणजे तिथली संसद), मतदान नोव्हेंबरात. व्हाइट हाउसमधला माणूस मॉस्कोला भीत होताच, पण त्याहून जास्त भीत होता 'कम्युनिस्टांपुढे बोटचेपा' या शिक्क्याला. माझं हे मत कसं बनलं ते सांगतो. पोस्ट लांब आहे.

हा शिक्का आला कुठून? १९४९ मध्ये माओने चीन जिंकला. चीन काही अमेरिकेच्या मालकीचा नव्हता, तरी 'चीन कोणी घालवला?' असा जाब रिपब्लिकन मंडळी डेमोक्रॅटिक अध्यक्ष ट्रुमनला विचारू लागली. १९५० च्या फेब्रुवारीत जोसेफ मॅकार्थी नावाचा सेनेटर, परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरलेत आणि माझ्याकडे यादी आहे, असं सांगत सुटला. जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं. १९५२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या हातून वीस वर्षं टिकलेलं अध्यक्षपद गेलं. त्या पराभवाची धास्ती पक्षाच्या हाडीमाशी मुरली.

१९६० मध्ये केनेडीने तोच डाव रिपब्लिकनांवर उलटवला. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक आकाशात गेल्यापासून अमेरिकन माणूस हबकलेला होता. त्यात केनेडी प्रचारात सांगत फिरला की क्षेपणास्त्रांच्या बाबतीत रशिया आपल्या कितीतरी पुढे गेलाय आणि आयझेनहॉवरचं सरकार झोपलंय. गंमत अशी की आयझेनहॉवरला हे खोटं असल्याची बऱ्यापैकी खात्री होती. यू-टू या हेर विमानांनी रशियावरून उडून काढलेले फोटो त्याच्या टेबलावर होते. पण ती उड्डाणं गुपित, आणि मे १९६० मध्ये त्यातलं एक विमान पाडून वैमानिकालाच रशियाने पकडल्यावर तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. तिकडे सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह फुशारकी मारत होता की आमच्याकडे क्षेपणास्त्रं सॉसेजसारखी भराभर बाहेर पडतात. म्हणजे मॉस्कोची थाप आणि केनेडीचा प्रचार एकमेकांना खतपाणी घालत होते.

सुमारे ६ कोटी ८८ लाख मतं पडली आणि केनेडी सव्वा लाखाहून कमी मतांनी पुढे राहिला. जानेवारीत शपथ झाली, फेब्रुवारीत त्याचाच संरक्षणमंत्री मॅक्नामारा पत्रकारांना बोलून गेला की अशी काही पिछाडी नाहीच. मग सारवासारव करता करता व्हाइट हाउसची पंचाईत झाली. प्रत्यक्षात तेव्हा रशियाकडची अमेरिकेपर्यंत पोचणारी क्षेपणास्त्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

आणि ख्रुश्चेव्हही या निवडणुकीत कोरडा नव्हता बरं का. जुलै १९६० मध्ये पाडलेल्या आणखी एका अमेरिकन विमानाचे दोन जण त्याच्या कैदेत होते. ते त्याने सोडले जानेवारी १९६१ मध्ये, केनेडी खुर्चीत बसल्यावर. पुढे व्हिएन्नाच्या भेटीत त्याने केनेडीला ऐकवलंच, की तुम्हाला आमचंही मत पडलं होतं. आधी सोडले असते तर केनेडीचा रिपब्लिकन प्रतिस्पर्धी निक्सन याचा फायदा झाला असता.

आता १९६२. केनेडीच्या डोक्यावर तेव्हा बे ऑफ पिग्जचं अपयश होतं: एप्रिल १९६१ मध्ये सीआयएने तयार केलेले सुमारे १,४०० क्युबन निर्वासित कॅस्ट्रोच्या किनाऱ्यावर उतरले आणि काही दिवसांत धूळ चाटून मोकळे झाले. पाठोपाठ ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत. १९६२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा रिपब्लिकन सेनेटर कीटिंग, क्युबात रशियन शस्त्रं येताहेत, असा घोषा लावून होता. काँग्रेसची निवडणूक ६ नोव्हेंबरला. त्या दडपणाखाली केनेडीने ४ सप्टेंबरला जाहीर करून टाकलं की क्युबात आक्रमक क्षेपणास्त्रं आढळली तर परिणाम गंभीर होतील. ती तिथे येतील असं त्याला तेव्हा वाटतच नव्हतं. १६ ऑक्टोबरला सकाळी ती तिथे असल्याचे फोटो समोर आले.

त्या दिवसांतल्या बैठका केनेडीने गुपचूप ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या, म्हणून आज आपण इतक्या ठामपणे बोलू शकतो. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मॅक्नामारा सांगतो की त्याच्या मते हा लष्करी प्रश्न नाही, हा देशांतर्गत राजकारणाचा प्रश्न आहे. संरक्षणमंत्री म्हणतोय हे! केनेडी स्वतः चडफडतो की गेल्या महिन्यात 'आम्ही हे चालवून घेणार नाही' असं म्हणण्याऐवजी 'आम्हाला फरक पडत नाही' असं म्हणायला हवं होतं. आणि मग तो एक वाक्य बोलून जातो: हे म्हणजे आपण अचानक तुर्कस्तानात क्षेपणास्त्रं ठेवण्यासारखंच झालं, केवढं धोक्याचं! त्याचा सल्लागार बंडी शांतपणे म्हणतो, मिस्टर प्रेसिडेंट, आपण तेच केलंय.

केलंच होतं. पंधरा ज्युपिटर क्षेपणास्त्रं, इझमीरजवळ.

पुढचं नाट्य सगळ्यांना ठाऊक आहे: २२ तारखेचं टीव्हीवरचं भाषण, समुद्रातली नाकेबंदी, २७ तारखेच्या शनिवारी क्युबावर पाडलं गेलेलं विमान आणि त्यात मेलेला मेजर अँडरसन. मला रस आहे तो त्याच शनिवारी संध्याकाळी काय ठरलं त्यात. अध्यक्षाचा भाऊ आणि ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी याने सोव्हिएत राजदूत दोब्रिनिनला आपल्या कचेरीत गाठलं. तुम्ही क्युबातून काढा, आम्ही क्युबावर हल्ला करणार नाही, आणि चार-पाच महिन्यांत तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रंही काढून घेऊ. फक्त या शेवटच्या कलमाची वाच्यता करायची नाही. आपल्या भाषेत याला मांडवली म्हणतात. ती उत्तम मांडवली होती असंच मी म्हणेन. लाखो माणसं वाचली. माझी तक्रार ती झाकली गेली याबद्दल आहे.

दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्हने माघार रेडिओवरून जाहीर केली. लगोलग त्याने तुर्कस्तानचं कलम लेखी नोंदवणारं पत्र पाठवलं. रॉबर्ट केनेडीने ते दोब्रिनिनला परत केलं. दोब्रिनिनने मॉस्कोला पाठवलेल्या तारेत त्याचं कारण आहे: असा कागद कधीकाळी बाहेर आला तर माझ्या राजकीय भवितव्याचं कधीही भरून न येणारं नुकसान होईल. जग अणुयुद्धाच्या कड्यावरून परत येऊन दोनच दिवस झाले होते आणि हा माणूस पुढच्या निवडणुकांचा हिशेब मांडत होता. मला यात दुष्टपणा दिसत नाही. त्या व्यवस्थेत वाढलेल्या कुठल्याही हुशार राजकारण्याने हेच केलं असतं, आणि गोची तिथेच आहे.

झाकाझाकीत बळी गेला ॲडले स्टीव्हन्सनचा. संयुक्त राष्ट्रांतल्या या अमेरिकन राजदूताने तुर्कस्तानच्या अदलाबदलीचा विचार करा असं आतल्या बैठकांत सुचवलं होतं. डिसेंबरमध्ये एका मोठ्या साप्ताहिकात लेख आला, त्यात स्टीव्हन्सनला जणू हिटलरपुढे वाकलेल्या म्युनिकचीच पुनरावृत्ती हवी होती असं चित्र रंगवलं. दोन लेखकांपैकी एक केनेडीचा जिवलग मित्र. ज्या सौद्यावर खुद्द अध्यक्षाने शिक्कामोर्तब केलं, तो सुचवल्याबद्दल दुसरा भित्रा ठरला.

६ नोव्हेंबरच्या निवडणुकीत, सत्ताधारी पक्षाला एरवी जो फटका बसतो तो बसला नाही; सेनेटमध्ये डेमोक्रॅट उलट वाढले. केनेडीचा धाकटा भाऊ टेडही त्याच दिवशी सेनेटवर गेला, आणि कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला निक्सन पडला. आता तुम्हाला लाथाडायला निक्सन मिळणार नाही, असं पत्रकारांना फणकाऱ्याने सांगून तो निघून गेला. त्याच्याकडे येऊच.

जाता जाता आपलं. २० ऑक्टोबर १९६२ ला, क्युबाचं प्रकरण आतल्या आत शिजत असतानाच, चीनने भारतावर हल्ला केला. क्युबापायी मॉस्कोला बीजिंगची नाराजी परवडत नव्हती, म्हणून २५ तारखेला सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राने, 'प्रावदा'ने, चीनची बाजू उचलून धरली. नेहरूंना हा धक्का होता. क्युबा निवळल्यावर रशियाचा सूर पुन्हा बदलला. तोवर कृष्ण मेनन संरक्षणमंत्रिपदावरून गेले, यशवंतराव दिल्लीला निघाले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य महाराष्ट्राला कायमचं पाठ झालं. त्या वाक्याच्या मागे एक छोटा धागा थेट हवानापर्यंत जातो, हे मात्र आपण सहसा सांगत नाही.

ख्रुश्चेव्हला मतदार नव्हते, पण प्रेक्षक त्यालाही होतेच. त्याच्या प्रिसिडियममधले (पक्षाच्या सर्वोच्च मंडळातले) सहकारी आणि चीनचे कॉम्रेड. तुर्कस्तानचं कलम गुपित राहिल्यामुळे जगाला एवढंच दिसलं की त्याने शेपूट घातलं. चिनी म्हणाले, आधी आगाऊपणा केला, मग शरणागती पत्करली. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्याला घरी बसवलं. कारणं बरीच होती, शेतीची वाताहत आणि त्याचा लहरी स्वभावही, पण आरोपांत क्युबाही होता.

याहून मोठी किंमत पुढे वसूल झाली. मांडवलीची खबर असलेल्या मोजक्या माणसांत उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन नव्हता. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडीची हत्या झाली आणि हाच जॉन्सन अध्यक्ष झाला. कम्युनिस्टांसमोर छाती काढून उभं राहिलं की ते मागे हटतात, हा क्युबाचा धडा सगळ्या देशाने घोकला होता, आणि तो खोटा आहे हे देशाच्या अध्यक्षालाही नीट माहीत नव्हतं. मे १९६४ मध्ये आपल्या जुन्या स्नेह्याशी, सेनेटर रसेलशी फोनवर बोलताना जॉन्सन व्हिएतनामबद्दल रडकुंडीला आलेला ऐकू येतो. युद्ध नको आहे, पण तिथून पळणाऱ्या अध्यक्षाला हे लोक महाभियोग लावून काढतील, अशी त्याची भीती. ऑगस्टमध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आल्या; त्यांतला ४ तारखेचा दुसरा हल्ला मुळात झालाच नव्हता. काँग्रेसने त्याला मोकळीक देणारा ठराव केला: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २. समोर गोल्डवॉटरसारखा आक्रस्ताळा उमेदवार, म्हणून जॉन्सन प्रचारात शांततेचा दूत झाला. आशियातल्या पोरांनी लढायचं ते लढायला अमेरिकन पोरं पाठवणार नाही, असं ऑक्टोबरात सांगितलं. ४४ राज्यं जिंकली. पुढच्याच मार्चमध्ये मरीन सैनिक व्हिएतनाममधल्या दा नांगला उतरले. शेवटी ५८,००० हून अधिक अमेरिकन मेले, आणि व्हिएतनामी किती लाख, त्याचा हिशेब आजही एकमताने लागत नाही.

१९६८ मध्ये निक्सन परत आला. मॉस्कोने त्याचा एवढा धसका घेतला होता की डेमोक्रॅटिक उमेदवार हम्फ्रीला प्रचारासाठी पैसे देऊ करायचा हुकूम आपल्याला आला होता, असं दोब्रिनिनने आठवणींत लिहिलंय. हम्फ्रीने सभ्यपणे विषय टाळला. आणि ज्याला ते एवढे भ्यायले तोच माणूस फेब्रुवारी १९७२ मध्ये माओशी हात मिळवून आला, मे महिन्यात मॉस्कोत शस्त्रमर्यादेचा करार करून आला आणि नोव्हेंबरात ४९ राज्यं जिंकला. दुसऱ्यांना बोटचेपं म्हणण्यावरच ज्याने आयुष्य काढलं, त्याला बोटचेपं कोण म्हणणार? केनेडी किंवा जॉन्सन बीजिंगला गेला असता तर सगळ्यात आधी निक्सननेच त्याची सालटी काढली असती. या भेटीचा निरोप्या होता पाकिस्तानचा याह्याखान. त्यामुळे १९७१ मध्ये ढाक्यात कत्तली चालू असताना वॉशिंग्टनने तोंडावर बोट ठेवलं. ते बिल बंगाल्यांनी भरलं.

कोणी म्हणेल, मतदाराला भिणारा अध्यक्ष केव्हाही बरा. ख्रुश्चेव्हनंतर आलेल्या ब्रेझनेव्हला कोण विचारत होतं? मान्य. बुडापेस्ट आणि प्रागच्या रस्त्यांवर रणगाडे घालताना क्रेमलिनला कुठल्याच नोव्हेंबरची फिकीर नव्हती. आणि वर मी जे काही लिहिलंय त्यातलं बरंचसं अमेरिकेनेच पुढे टेप आणि कागद खुले केले म्हणून कळलं, हेही खरं. पण मतदाराला भिणं वेगळं आणि त्याला खोटा धडा शिकवून मग त्याच धड्याला भिणं वेगळं. अमेरिकन मतदाराला 'आम्ही दिलं, त्यांनीही दिलं' हे समजलं नसतं, हे कोणी तपासून पाहिलं होतं? विचारलंच नाही.

रॉबर्ट केनेडी १९६८ मध्ये खरोखरच अध्यक्षपदाच्या रिंगणात उतरला आणि जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये गोळ्या लागून मेला. क्युबाच्या त्या तेरा दिवसांवरचं त्याचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. त्याच्या मूळ टिपणांत तुर्कस्तानच्या सौद्याचा स्पष्ट उल्लेख होता. पुस्तकाचं संपादन करणाऱ्या सोरेन्सनने तो गाळला. हा केनेडीचा सल्लागार, त्या शनिवारी हा सौदा ठरला त्या अध्यक्षांच्या बैठकीत स्वतः हजर होता. हे त्याने कबूल केलं जानेवारी १९८९ मध्ये, मॉस्कोतल्या एका परिषदेत, समोर दोब्रिनिन बसलेला असताना.